व्हॅलेन्सियाला पहिल्यांदा जाताना

स्पेनला जाणारे आपल्याकडचे बरेच जण माद्रिद आणि बार्सिलोना ही दोन टोकं पक्की करतात आणि मधल्या एखाद्या दिवसात व्हॅलेन्सिया बसवतात. सकाळच्या ट्रेनने यायचं, कॅथेड्रल, पाएया नावाचा भात, समुद्र आणि संध्याकाळी परत. कृपा करून असं करू नका. या शहरासाठी निदान तीन रात्री ठेवा.

कारण इथलं जुनं गाव समुद्राला लागून नाही. इ.स.पू. १३८ मध्ये रोमन लोकांनी ते वसवलं ते तुरिया नदीच्या पाण्याच्या आधाराने, आणि त्या गाभ्यापासून वाळूचा किनारा चार-पाच किलोमीटर लांब आहे. मध्ये आहे नदीचं रिकामं पात्र आणि कोळ्यांची जुनी वस्ती, आणि शहराच्या दक्षिणेला भातशेतीने वेढलेलं मोठं सरोवर. नदी, पाट, भात, समुद्र याच क्रमाने हे शहर घडलं. तुम्हीही त्याच क्रमाने, पाणी उतरत जातं तसं पाहत गेलात, तर ते नीट कळतं. पुढची भटकंती साधारण त्याच वाटेने लिहिली आहे.

कधी जायचं

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. समुद्रात डुंबणं महत्त्वाचं असेल तर सप्टेंबरच निवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो आणि ऑगस्टमध्ये छोटी दुकानं, घरगुती खानावळी सुट्टीवर जातात. हिवाळा कोरडा, उन्हाचा आणि फिरायला छान, फक्त पाण्यात उतरण्याचा नाही.

शरद ऋतूबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. तापलेल्या समुद्रावर वरून थंड हवा आली की या किनाऱ्यावर काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला शहराच्या दक्षिणेकडच्या पायपोर्ता, कातारोखा अशा गावांत आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर स्पेनच्या हवामान खात्याचा, म्हणजे ‘आएमेत’चा इशारा रोज बघा. लाल इशारा असेल त्या दिवशी गाडी काढू नका, तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊ नका, ओढ्यानाल्यांच्या जवळपास फिरकू नका. तिथल्या माणसांनी याची फार मोठी किंमत मोजली आहे.

मार्चमध्ये ‘फाय्यास’चा उत्सव असतो. चौकाचौकांत उभारलेले कित्येक मजली उंच पुतळे १९ मार्चच्या रात्री जाळतात. १ मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा ‘मास्क्लेता’ होतो. तो डोळ्यांपेक्षा छातीत ऐकायचा प्रकार आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. उत्सवासाठी जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या. जुनं गाव निवांत बघायचं असेल तर हेच दिवस टाळा, कारण रस्ते बंद असतात आणि पहाटेपासून फटाके वाजतात.

व्हिसा आणि पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीसाठीचे अर्ज बीएलएस या कंपनीच्या केंद्रात घेतले जातात. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. एकाहून जास्त देशांत जाणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी त्या तारखा बघा.

मुंबईहून व्हॅलेन्सियाला थेट विमान नाही. आखातातून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून बदलून जावं लागतं. शेंगेन देशात बदलत असाल तर शेंगेनची तपासणी त्या पहिल्याच विमानतळावर होते. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा.

माद्रिदला उतरून ट्रेनने येणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. वेगवान गाडी सुमारे दोन तासांत पोहोचवते, आणि रेन्फे, उईगो, इर्यो अशा तीन कंपन्यांच्या चढाओढीमुळे लवकर काढलेलं तिकीट स्वस्त पडतं. माद्रिदमध्ये चामार्तिन आणि आतोचा ही दोन मोठी स्टेशनं शहराच्या दोन टोकांना आहेत. तिकिटावर कोणतं आहे ते नीट वाचा. गाडीत चढण्यापूर्वी सामानाची तपासणी होते आणि फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. गाडी व्हॅलेन्सियाच्या होआकिन सोरोया स्टेशनात येते. तिथून दहा मिनिटं चाललं की जुनं ‘उत्तर स्टेशन’ लागतं. १९१७ ची ही इमारत आत जाऊन बघाच: भिंतींवर संत्र्यांची नक्षी, रंगीत फरशा आणि लाकडी तिकीटखिडक्या.

विमानानेच आलात तर विमानतळाखालूनच मेट्रोची ३ आणि ५ क्रमांकाची मार्गिका सुटते. अर्ध्या तासाच्या आत शातिवा किंवा कोलोन स्थानकावर, म्हणजे जुन्या गावाच्या उंबरठ्यावर येता. तिकीट फेकू नका, बाहेर पडतानाही ते लागतं. दोन-तीन दिवस राहणार असाल तर ‘सुमा’ कार्ड घ्या. मेट्रो, ट्राम आणि शहर-बस तिन्हींवर चालतं.

राहायचं कुठे

पहिल्यांदा जाणाऱ्याने जुन्या गावात किंवा त्याच्या लगत रुसाफा भागात राहावं. एल कार्मेन हा जुन्या गावाचा सर्वांत देखणा भाग, पण तिथे रात्री उशिरापर्यंत गजबज असते. झोप हलकी असेल किंवा सोबत आई-बाबा असतील तर कॅथेड्रलच्या दक्षिणेकडची, कोलोनच्या बाजूची गल्ली बघा. रुसाफात बाजार, कॉफीची दुकानं आणि शाकाहारी खाणं भरपूर. किनाऱ्यावर राहण्याचा मोह उन्हाळ्यात होतो, पण मग जुन्या गावात सकाळी लवकर पोहोचणं होत नाही, आणि सकाळ हीच जुन्या गावाची वेळ आहे.

पत्ता शोधताना एक लक्षात ठेवा: इथे स्पॅनिश आणि व्हॅलेन्सियन अशा दोन भाषा चालतात. पाट्या बहुधा व्हॅलेन्सियनमध्ये असतात. रस्त्याला ‘काये’ऐवजी ‘कार्रेर’ दिसलं, किनाऱ्याला ‘प्लाया’ऐवजी ‘प्लाच्या’ दिसलं, तर वाट चुकलेली नाही.

पहिली सकाळ: बाजार, मग जुनं गाव

सुरुवात मध्यवर्ती बाजारापासून करा. सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात ते दुपारी तीन एवढ्या वेळेत तो उघडा असतो, रविवारी बंद. १९२८ साली सुरू झालेली ही लोखंड, काच आणि चिनीमातीची इमारत आजही रोजच्या भाजीपाल्याची मंडई आहे. दहाच्या आत गेलात तर पिशव्या घेऊन आलेली स्थानिक माणसं दिसतात. संत्र्याचा ताजा रस घ्या, ऑलिव्हची चव बघा, आणि मासळीचा भाग बघायला विसरू नका. घुमटाच्या टोकावर पोपट आहे, मान वर करून तोही बघा.

बाजारासमोर रस्ता ओलांडला की ‘ला लोंखा’, रेशमाची पेढी. या शहरात एकच वास्तू बघायला वेळ असेल तर कॅथेड्रल नाही, ही बघा. १४८२ ते १५३३ या काळात ती बांधली. तेव्हा व्हॅलेन्सिया भूमध्य समुद्रावरच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं आणि रेशमाचे सौदे इथे होत. मुख्य दालनात पीळ दिलेले दगडी खांब थेट छतापर्यंत चढत जातात आणि तिथे फांद्यांसारखे पसरतात. वर भिंतीभोवती लॅटिनमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलं आहे, की जो व्यापारी बोलण्यात कपट करत नाही, शब्द पाळतो आणि व्याजाने पैसा लावत नाही, त्याला संपत्ती मिळेल आणि शाश्वत जीवनही. ज्या छताखाली लाखांचे सौदे होत, तिथेच रोज डोळ्यांसमोर राहील असं ते लिहिलं. युनेस्कोने १९९६ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवलं. आतल्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडांखाली थोडं बसा.

तिथून कॅथेड्रल पाच-सात मिनिटांवर. १२३८ मध्ये आरागोनचा राजा पहिला जाउमे याने हे शहर मुस्लिम राजवटीकडून जिंकलं आणि मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभं राहिलं. बांधकाम शतकानुशतकं चालल्यामुळे त्याची तीन दारं तीन काळांची आहेत: एक रोमनेस्क, एक गॉथिक, एक बरोक. इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी घालून तिन्ही बघा. आत एका प्रार्थनागृहात गडद अकीकाचा पेला आहे. येशूने शेवटच्या भोजनात वापरलेला तो हाच, अशी श्रद्धा आहे. शेजारच्या ‘मिगेलेते’ मनोऱ्याला २०७ पायऱ्या. जिना अरुंद आणि गोल आहे. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या. चढता आलं तर वरून एका बाजूला निळ्या फरशांचे घुमट दिसतात आणि दुसरीकडे समुद्राची रेघ.

कॅथेड्रलच्या मागे ‘आल्मोइना’ नावाचं भूमिगत संग्रहालय आहे. पर्यटक बहुधा त्यावरच्या चौकातून चालत निघून जातात. खाली रोमन रस्ता, स्नानगृह आणि त्यावर चढलेले पुढचे थर एकाच जागी दिसतात. इतिहासाची आवड असेल तर तास ठेवा.

मग एल कार्मेनच्या गल्ल्यांतून उत्तरेला चालत सुटा आणि सेर्रानोस वेशीपाशी बाहेर पडा. १३९२ ते १३९८ दरम्यान बांधलेली ही वेस. तटबंदी १८६५ मध्ये पाडली, तेव्हाही ती राहिली. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा प्रादो संग्रहालयातली चित्रं या बुरुजांच्या जाड भिंतींआड आणून ठेवली होती. पश्चिमेकडच्या क्वार्त वेशीवर १८०८ मध्ये फ्रेंच तोफांनी पाडलेले खड्डे अजून तसेच आहेत.

गुरुवार मोकळा ठेवा

जमलं तर मुक्कामात गुरुवार येईल असं बघा. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर पाणी-न्यायालय भरतं. शहराभोवतीच्या शेतांना तुरियाचं पाणी देणाऱ्या पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले आठ प्रतिनिधी काळे अंगरखे घालून गोलाकार बसतात. एकेका पाटाचं नाव पुकारलं जातं. कुणी पाळी मोडून पाणी घेतलं, कुणी दुसऱ्याच्या शेतात सोडलं, अशा तक्रारी असतील तर तिथेच ऐकतात आणि तिथेच निकाल देतात. कामकाज सगळं तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत. ज्याच्या पाटावरचा तंटा असेल, तो प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. या परंपरेची मुळं अरब काळापर्यंत नेली जातात. २००९ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. धुळ्याकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी आणि शेतकऱ्यांची पंचायत पाण्याच्या पाळ्या सांभाळत आली. ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथे परकं असं काही वाटणार नाही.

पावणेबाराला पोहोचा. बऱ्याच गुरुवारी एकही तक्रार नसते आणि पाच मिनिटांत सगळं संपतं. तक्रार नाही याचा अर्थ पाण्याचं वाटप सुरळीत चाललं आहे, म्हणून ती पाच मिनिटं मला मोलाची वाटतात.

जेवण: घड्याळ बदला

दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. बारा वाजता भूक लागली तर स्वयंपाकघर बंद मिळेल, संध्याकाळी सहाला तर नक्कीच. मधल्या वेळेसाठी सकाळी दहाच्या सुमाराला ‘एस्मोर्सारेत’ असतं: मोठं भरलेलं पाव, सोबत शेंगदाणे आणि ऑलिव्ह. कामगारांपासून बँकेतल्या माणसांपर्यंत सगळे त्यासाठी वेळ काढतात. आठवड्याच्या दिवसांत दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव आणि शेवटी गोड किंवा कॉफी मिळते. पैसे वाचवायचा हा सर्वांत चांगला मार्ग.

पाएया हे दुपारचं जेवण आहे. व्हॅलेन्सियाची मूळ पाएया समुद्री मासळीची नसते. तिच्यात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, ‘गार्रोफो’ नावाचा मोठ्या पांढऱ्या दाण्यांचा पावटा, टोमॅटो आणि केशर असतं. भाताचा थर पातळ असतो आणि तळाची खरवड, म्हणजे ‘सोकार्रात’, हा मानाचा घास. बहुतेक ठिकाणी ती किमान दोघांसाठीच करतात आणि चांगल्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. दारात दहा रंगीत पाएयांचे फोटो लावलेत आणि कुणी हाताला धरून आत बोलावतंय, तर पुढे चला.

शाकाहारी मंडळींनी हे लिहून ठेवा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’. मांस नको, मासे नकोत, हॅम नको. तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं, कारण ‘मांस नको’ म्हटल्यावर सॅलडवर ट्यूना मासा येऊ शकतो. भाज्यांची पाएया म्हणजे ‘पाएया दे वेर्दुरास’ मिळते, पण भात कोणत्या पाण्यात शिजवला ते विचारा: ‘काल्दो दे वेर्दुरास?’ बऱ्याचदा ते हाडांचं किंवा माशांचं असतं. भाजलेल्या लाल मिरच्यांचं ‘एस्गार्राएत’ शाकाहारी दिसतं, पण त्यात खारवलेला मासा असतो. टोमॅटो चोळलेला पाव आणि तळलेले बटाटे ‘पातातास ब्राव्हास’ हा भरवशाचा आधार; सॉसमध्ये अंडं चालत नसेल तर तो वेगळा मागा.

‘ओर्चाता’ मात्र सगळ्यांनी प्यावं. चुफा नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून केलेलं हे थंड, दुधासारखं पेय. त्यात दूध नसतं. चुफा आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातली आणि शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावात तिची शेती आहे. सोबत ‘फार्तोन’ नावाचा लांब गोड पाव बुडवून खातात. आणि ‘आग्वा दे व्हॅलेन्सिया’ संत्र्याच्या रसासारखं दिसतं, नावात पाणीही आहे, पण त्यात स्पॅनिश शॅम्पेन, जिन आणि व्होडका असते. मुलांसाठी मागवू नका.

नदीच्या पात्रातून समुद्राकडे

१४ ऑक्टोबर १९५७ ला तुरियाला महापूर आला आणि शहरात किमान ८१ माणसं दगावली. त्यानंतर अख्खी नदीच शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली. रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून महामार्ग काढायचा सरकारी बेत होता. लोकांनी विरोध केला: हे पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं आहे. लोक जिंकले. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे आणि तिच्यावरून जुने दगडी पूल जातात, खाली पाणी नसलेले.

सेर्रानोस वेशीपाशी सायकल भाड्याने घ्या आणि पूर्वेकडे निघा. वाट सपाट आहे. मुलं सोबत असतील तर आडव्या पडलेल्या गलिव्हरपाशी थांबा. त्याच्या अंगाखांद्यावर घसरगुंड्या आहेत. शेवटी मुख्यतः वास्तुकार सान्तियागो कालात्रावाने रचलेली ‘कला आणि विज्ञान नगरी’ येते. बाहेरून बघायला तिकीट लागत नाही आणि पांढऱ्या इमारती पाण्यात संध्याकाळी सर्वांत छान दिसतात. आतलं मत्स्यालय मोठं आहे, पण महाग. त्यासाठी अर्धा दिवस असेल तरच जा.

समुद्र

बंदराच्या उत्तरेला लास आरेनास, काबान्याल आणि माल्व्हारोसा असे किनारे एकमेकांना जोडून आहेत; पुढे पाताकोना. रुंद, सपाट, बारीक वाळू. मेट्रोच्या ५ क्रमांकाने मारितिमला जाऊन ट्राम घ्या. कोकण-गोव्याचा समुद्र बघितलेल्यांना एक फरक जाणवेल: इथे भरती-ओहोटी नावापुरतीच, त्यामुळे तिचं वेळापत्रक बघावं लागत नाही. बघायचा तो झेंडा. हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात उतरू नका; पूर्वेचा वारा सुटला की शांत दिसणाऱ्या पाण्यातही ओढ तयार होते. पोहायला सगळे एकदम जाऊ नका, फोन-पासपोर्टपाशी कुणीतरी थांबा. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, म्हणून दुपारचं जेवण आणि विश्रांती उरकून सहाला आलात तरी तीन तास मिळतात.

परतताना किनाऱ्यामागच्या काबान्यालमधून चाला. १८९७ पर्यंत हे स्वतंत्र गाव होतं. कोळ्यांची बुटकी घरं, दर्शनी भिंतींवर रंगीत फरशा. शहरातून समुद्रापर्यंत रुंद रस्ता काढण्यासाठी यातली शेकडो घरं पाडायची योजना होती. रहिवासी वर्षानुवर्षं लढले आणि ती थांबवली. आजही लोक संध्याकाळी खुर्च्या दारात आणून बसतात. फोटो काढायचाच तर आधी विचारा.

आल्बुफेरा

तिसऱ्या दिवसाची दुपार इथे द्या. शहराच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर हे गोड्या पाण्याचं सरोवर, आणि भोवती पाएयाचा भात पिकतो ती खाचरं. मे महिन्यात पेरणी, उन्हाळाभर हिरवंगार, सप्टेंबरमध्ये कापणी, हिवाळ्यात पुन्हा पाणी भरलेलं. एल पाल्मार गावात जेवा, मग सपाट तळाच्या होडीतून फेरी घ्या. शहर-बस जाते, पण तिच्या फेऱ्या विरळ आहेत. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच बघून घ्या. जाताना एल सालेरला उतरलात तर पाइनच्या झाडांमागे वाळूच्या टेकड्या आणि शहरातल्यापेक्षा खूप मोकळा किनारा मिळतो.

दिवस लावताना

सोमवारी बरीचशी संग्रहालयं बंद असतात. रविवारी बाजार बंद, पण वेशी, लोंखा, आल्मोइना यांसारख्या नगरपालिकेच्या वास्तूंना प्रवेश मोफत असतो. म्हणून गुरुवार ते रविवार हा मुक्काम सर्वांत चांगला बसतो: गुरुवारी सकाळी बाजार आणि बाराला न्यायालय, शुक्रवारी नदीचं पात्र आणि समुद्र, शनिवारी आल्बुफेरा, रविवारी सकाळी वास्तू आणि दुपारची ट्रेन. केशर आणि ‘बोम्बा’ जातीचा तांदूळ घरी न्यायचा असेल तर शनिवारी बाजार बंद होण्याआधी, तीनच्या आत घेऊन ठेवा, आणि मगच होडीकडे निघा.